निसर्गात मिसळलेलं रेस्टॉरंट: नुसतं दिसायला की खरोखर?

कातळवाट

बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतेय.

"निसर्गाशी एकरूप झालेलं रेस्टॉरंट" असं कुठेही वाचलं की फोटोत ठरावीक गोष्टी असतात. छपरावर गवत, भिंतींना मातकट गिलावा, ओंडक्यांची टेबलं, मधोमध एक झाड आणि त्याच्याभोवती बांधलेला पार. एवढं केलं की इमारत परिसरात मिसळली म्हणायचं का? मला नाही पटत. लपणं वेगळं आणि मिसळणं वेगळं.

पोर्तुगालमधलं 'बोआ नोव्हा' बघा. अटलांटिकच्या काठावरच्या खडकांत आल्वारो सिझा यांनी ते १९५८ ते १९६३ दरम्यान टी-हाउस म्हणून बांधलं. २०१४ मध्ये दुरुस्त होऊन तिथे रेस्टॉरंट सुरू झालं. इमारत खडकांच्या मधल्या जागेत बसवलीय, छप्पर उतरतं आणि बुटकं. गाडी लांब ठेवायची, मग पायऱ्यापायऱ्यांची वाट. चालताना समुद्र कधी दिसतो, कधी भिंतीआड जातो. जेवणाच्या दालनातल्या मोठ्या काचा चक्क खाली सरकून जमिनीत जातात, मग आत आणि बाहेर यांच्यात काही उरतच नाही. पण इमारत लपलेली मात्र नाही. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, सगळं लांबून स्पष्ट दिसतं.

दुसरं टोक म्हणजे मेक्सिकोतलं 'लोस मानान्तियालेस'. सोचिमिल्कोच्या कालव्यांच्या काठी फेलिक्स कॅन्देला यांनी १९५८ साली बांधलेलं काँक्रीटचं कवच, पाण्याशेजारी उमललेल्या फुलासारखं. त्याची जाडी अवघी ४ सेंटीमीटर! लपण्याचा प्रश्नच नाही, तरी ते तिथलंच वाटतं.

तर मंडळी, तुमच्या मते इमारत मिसळली हे कशावरून ओळखायचं?

दुपारचा_चहा

काचा जमिनीत जातात??? फोटो शोधून बघून आलो. सिझांना दंडवत.

आडवा_छेद

कातळवाट, छान विषय. मी या व्यवसायात आहे, माझं उत्तर एका वाक्यात: प्लॅन बघू नका, सेक्शन (जमीन आणि इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं चित्र) बघा.

उतारावरची जागा मिळाली की नव्वद टक्के लोकांच्या मनात पहिला विचार सपाटी करण्याचा येतो. वरची बाजू कापायची, ती माती खालच्या बाजूला भरायची, पुढे रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत. कागदावर सुटसुटीत दिसतं. पण उतारावरून पाणी कुठून कुठे वाहायचं ते तुम्ही त्या दिवशी बदललेलं असतं. भरावाची माती नीट दाबली नाही तर मूळ जमिनीइतकी घट्ट बसत नाही. भिंतीमागे पाणी साचतं, त्याला वाट ठेवली नसेल तर भिंत पुढे झुकायला लागते. नंतर त्यावर कितीही वेली चढवा.

रेस्टॉरंटला खरं तर उतार सोयीचा असतो. ऑफिससारखा सलग मोठा मजला इथे लागत नाही. टेबलांच्या ओळी टप्प्याटप्प्याने खाली नेता येतात, मागच्या ओळीलाही समोरचं दृश्य मिळतं. माझी कसोटी ही: मूळ जमिनीची रेषा सेक्शनवर तुटक काढा आणि नवी जमीन किती ठिकाणी तिच्यापासून सुटते ते मोजा.

रानपिंगळा

सगळे काचेवर खूश आहेत म्हणून लिहितो. आत-बाहेर एक झालं असं आपल्याला वाटतं, आणि पक्ष्यालाही तसंच वाटतं. फरक एवढाच की तो पूर्ण वेगात येतो.

२०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमारतींना धडकून मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी असा होता. फक्त एका देशात. लोकांना वाटतं उंच टॉवर दोषी असतील. त्या अंदाजात उंच इमारतींचा वाटा अगदी थोडा होता. मोठा वाटा घरांचा आणि कमी उंचीच्या इमारतींचा. झाडांच्या उंचीतली काच, समोर दाट झाडी, काचेत त्याच झाडीचं प्रतिबिंब. जंगलातल्या रेस्टॉरंटचं वर्णन याहून वेगळं काय असतं?

उपाय आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा रेघा, दोन खुणांमध्ये ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. आतून थोड्या वेळाने लक्षातही येत नाही. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि धडकतो.

आणि कातळवाट, त्या जमिनीत जाणाऱ्या काचा मला फार आवडल्या. उघड्या असतात तेव्हा धडकायला काचच नाही.

भटारखाना

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. सगळे जण दालनात बसून बोलताय, आता जरा मागे या.

मी आयुष्यभर किचनमध्ये काम केलंय. रेस्टॉरंट म्हणजे पुढे बैठक आणि मागे छोटा कारखाना. दिवसभर भट्ट्या, एक्झॉस्ट, गरम पाणी, तेलकट सांडपाणी, ओला कचरा, सामानाच्या गाड्या. आर्किटेक्टच्या सुंदर चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, पुढची बाजू बघायला लांबून लोक यायचे. दगडी भिंती, गवताचं छप्पर, सगळं होतं. धूर पुढे दिसू नये म्हणून डक्टचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळाचं, तोंड मागे काढलं होतं, एका जुन्या झाडाच्या थेट दिशेने. त्या बाजूच्या पानांना हात लावला की बोटं चिकटायची. पानावर धूळ बसायची आणि पावसानेही धुतली जायची नाही, कारण खाली तेलाचा थर. दुसऱ्या बाजूची पानं हिरवीगार, या बाजूची काळपट. झाड अर्धं-अर्धं वाटून घेतल्यासारखं दिसायचं. मी मालकांना सांगितलं, आर्किटेक्टना सांगितलं. "पाहुण्यांना दिसत नाही ना?" हे उत्तर मिळालं.

त्यामुळे कातळवाट ताई, माझं उत्तर: मागच्या दाराने आत शिरा. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) कुठे आहे, तो कोण आणि कधी साफ करतं, सांडपाणी कुठे जातं, धुरात ग्रीस पकडणारे फिल्टर आहेत का, कचऱ्याची गाडी कुठे वळते, हे विचारा. तिथे नीट उत्तरं मिळाली तर इमारत मिसळली समजा.

दुपारचा_चहा

म्हणजे यापुढे टेबल बुक करताना विचारायचं, "खिडकीजवळचं आहे की ग्रीस ट्रॅपजवळचं?" :)

भटारखाना, प्रतिसाद जबरदस्त. पानांचं वाचून वाईट वाटलं.

कातळवाट

भटारखाना काका, या बाजूने मी विचारच केला नव्हता. झाडाचं वाचून पोटात तुटलं.

लाटांचा_गाव

नॉर्वेतलं 'अंडर' अजून कुणी कसं आणलं नाही? स्नोहेटा या फर्मने केलेलं, २०१९ मध्ये सुरू झालं. देशाच्या दक्षिण टोकाला लिंडेसनेसमध्ये. ३४ मीटर लांबीची काँक्रीटची नळी किनाऱ्यावरून तिरकी पाण्यात उतरते आणि समुद्राच्या तळावर, पृष्ठभागाखाली साधारण ५ मीटरवर टेकते. भिंती अर्धा मीटर जाड. खालच्या टोकाला ११ मीटर रुंद आणि ३.४ मीटर उंच खिडकी. पूर्ण ढाचा काठावर तराफ्यावर बांधला, मग ओढून नेऊन बुडवला आणि तळाशी बांधून टाकला.

मला भावलं ते वेगळंच. बाहेरचं काँक्रीट मुद्दाम खरबरीत ठेवलंय, शिंपल्यांना धरता यावं म्हणून. हळूहळू इमारतीचा खडक होत जाईल अशी कल्पना. आणि जागा संशोधकांनाही वापरायला मिळते.

शांतवन

लाटांचा_गाव, माफ करा पण मला हे मिसळणं वाटत नाही. माशांच्या घरात खुर्च्या टाकून बसायचं आणि त्याला निसर्गाचा आदर म्हणायचं? माणसाने प्रत्येक जागी पोचलंच पाहिजे का? काही जागा काठावरून बघायच्या असतात.

लाटांचा_गाव

शांतवन, मुद्दा मान्य, पण मग हाच नियम डोंगरकड्याला, जंगलाला, तळ्यालाही लावावा लागेल. तिथेही कुणाचं तरी घर असतंच. प्रश्न जाऊन काय करता हा आहे. तिथला समुद्र खवळलेला असतो, तरी पारदर्शक कोश न करता जाड भिंती आणि एकच खिडकी ठेवलीय. आतले दिवेही मंद असतात.

शांतवन

तरी "जाऊच नये" हा पर्याय आराखड्याच्या पहिल्या पानावर असावा असं मला वाटतं. पुढे तुमचं सगळं मान्य.

गणितवेडा

छपरावरच्या गवताबद्दल कुणीच आकडे दिले नाहीत म्हणून देतो. बागेतली साधी माती पूर्ण भिजली की घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे १० सेंटीमीटरचा थर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास. त्याखाली मुळं अडवणारा थर, निचऱ्याचा थर, वॉटरप्रूफिंग, आणि वर देखभालीला चढणारी माणसं. हा भार पेलायला स्लॅब जाड, बीम खोल, पाया मोठा. जमिनीवर हलकं दिसावं म्हणून केलेलं छप्पर जमिनीवरच जास्त भार टाकतं. हलकी खास मिश्रणं मिळतात, त्यांनी वजन बरंच उतरतं, पण हिशोब आधी करायचा. आधी बांधून मग गवत लावायचं ठरवू नका.

गवताचं छप्पर वाईट असं मी म्हणत नाही. उष्णता अडवतं, पावसाचं पाणी धरून हळूहळू सोडतं, हे खरे फायदे आहेत. फक्त फोटोसाठी नको.

नवी_पालवी

मी विद्यार्थिनी आहे, पहिलाच प्रतिसाद. आम्हाला सध्या याच विषयावर डिझाइन आहे: समुद्राजवळच्या टेकडीवर छोटं रेस्टॉरंट. गंजलेल्या रंगाचं कॉर्टेन स्टील वापरायचा विचार आहे, आजूबाजूच्या मातीत रंग मिसळेल म्हणून. चालेल का?

गणितवेडा

नवी_पालवी, स्वागत. समुद्राजवळ शक्यतो नको. कॉर्टेनवर गंजाचा जो घट्ट थर बसतो तोच पुढचा गंज थांबवतो. पण खाऱ्या हवेत क्षार त्या थराला स्थिर होऊ देत नाहीत, मग पत्रा खातच जातो. शिवाय ओला-कोरडा असा क्रम लागतो. सतत ओलं राहणाऱ्या कोपऱ्यातही हीच तक्रार. आणि सुरुवातीला त्याचं लालसर पाणी खाली ओघळतं, तेव्हा खालच्या फरशीचाही विचार कर.

आडवा_छेद

+१. रंग जुळवण्यापेक्षा तिथे टिकणारं साहित्य निवडा, रंग पाठोपाठ येतोच.

नवी_पालवी, जपानमधल्या 'जुन्या इशिगामी' या नावाच्या आर्किटेक्टचं उबे शहरातलं काम बघ, २०२२ मध्ये पूर्ण झालं. एका शेफचं घर आणि रेस्टॉरंट एकत्र. आधी जमिनीत खड्डे खणले, त्यांत काँक्रीट ओतलं आणि ते घट्ट झाल्यावर मधली माती उकरून काढली. जमीनच साचा. उकरल्यावर काँक्रीटला माती चिकटून राहिली होती. ती धुऊन टाकायचा बेत होता, पण तो रंग आणि पोत पाहून तशीच ठेवली. तिथे मातीचा रंग जुळवायची गरजच पडली नाही, मातीच भिंतीवर आली.

शांतवन

गुहेसारखं दिसतं म्हणून गुहा होते का? एवढं काँक्रीट जमिनीत ओतलंय, ते पुन्हा कधी काढता येणार?

बांबूवेडी

शांतवन यांच्याशी सहमत. जे उद्या उचलून नेता येईल तेच मला मिसळलेलं वाटतं. व्हिएतनाममधल्या वो त्रोंग न्घिया यांचा 'विंड अँड वॉटर' बार बघा. तळ्यात उभा बांबूचा घुमट, १० मीटर उंच, १५ मीटर रुंद, ४८ बांबू-जुडग्यांच्या कमानी. वर मधोमध भोक, तिथून गरम हवा बाहेर जाते, खालून पाण्यावरची गार हवा आत येते. चारही बाजूंनी एसी लावायला नकोत.

गणितवेडा

बांबूवेडी, घुमट मलाही आवडतो. पण बांबूला दोन गोष्टी लागतात, पायाशी कोरडी जागा आणि डोक्यावर पुढे आलेलं छप्पर. पाऊस आणि ऊन थेट लागलं तर थोड्याच वर्षांत भेगा आणि कीड. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया कीड रोखते, पण पावसात तेच मीठ धुऊन जातं. रेस्टॉरंटमध्ये आणखी एक भर: भट्टी. किचनच्या भिंती तरी न जळणाऱ्या हव्यात.

बांबूवेडी

हो, त्या बारमध्येही बांबू आधी पाण्यात मुरवून मग धुरी देऊन घेतलेला आहे. किचन वेगळं, दगडी किंवा काँक्रीटचं ठेवून बैठक बांबूची करायला काय हरकत आहे? भटारखाना काकांचा कारखाना एकीकडे, आपण एकीकडे.

भटारखाना

चालेल, पण मधलं अंतर कमी ठेवा. हातात गरम भांडं घेऊन पावसातून धावणाऱ्या मुलांचा विचार करा.

चाकावरून

हा धागा सुरुवातीपासून वाचतेय. मी व्हीलचेअर वापरते. वर पायऱ्यापायऱ्यांची वाट, टप्प्याटप्प्यांचा मजला यांचं कौतुक झालं. माझ्यासाठी ही वर्णनं म्हणजे बंद दार. "परिसर जपायचा म्हणून रॅम्प नाही केला" हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता राग यायचाही थांबला होता, आज पुन्हा आला.

१:१२ चा रॅम्प म्हणजे एक मीटर चढायला १२ मीटर लांबी. मग आर्किटेक्ट म्हणतात एवढी जागा नाही. पण वाहनतळापासून लांब वाट ठेवायला मात्र जागा असते. तीच वाट समपातळी रेषेच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या) बाजूने, हळूहळू चढत नेली, १:२० किंवा त्याहून सौम्य, तर रॅम्प वेगळा लागतच नाही. सगळे एकाच वाटेने येतील, आणि उतारही कमी कापावा लागेल. मी मागच्या बाजूच्या मालवाहू लिफ्टने, कचऱ्याच्या डब्यांशेजारून आत गेलेली आहे, त्यामुळे भटारखाना, तुमचं मागचं दार मला चांगलं माहीत आहे.

आडवा_छेद

चाकावरून ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. समपातळी रेषेच्या बाजूची वाट हा तांत्रिकदृष्ट्याही चांगला पर्याय आहे. टप्प्यांच्या बाबतीत: वरच्या प्रवेशाच्या पातळीवर खिडकीलगतची टेबलं असलीच पाहिजेत, म्हणजे चांगलं दृश्य फक्त पायऱ्या उतरणाऱ्यांना मिळणार नाही. हे मी माझ्या कामात लगेच धरतो.

रानपिंगळा

+१ चाकावरून. रुंद, सौम्य वाटेला दिवेही कमी लागतात.

थोडं अवांतर, पण मूळ प्रश्नाशी जोडलेलं. स्पेनच्या लान्झारोते बेटावर सेसार मान्रिके या कलाकाराची कामं आहेत. तिथल्या ज्वालामुखी परिसरातल्या 'एल दियाब्लो'त जमिनीतून येणाऱ्या उष्णतेवर ग्रिल चालतं, त्यावर सगळे लिहितात. मला 'हामेओस देल आग्वा' जास्त महत्त्वाचं वाटतं. लाव्हाच्या बोगद्यात रेस्टॉरंट आणि सभागृह, मध्ये खाऱ्या पाण्याचं तळं. त्या तळ्यात अगदी छोटे, पांढरे, आंधळे खेकड्यासारखे जीव राहतात. तळ्यात नाणी टाकायला बंदी आहे, कारण गंजणाऱ्या नाण्यांतून पाण्यात उतरणारा धातू त्यांना मारतो.

बघा, पर्यटकाला नाणं टाकणं ही किती गोड गोष्ट वाटते. इमारत कितीही सुंदर असो, तिथे रोज येणारी माणसं काय करतात यावरही मिसळणं ठरतं. म्हणजे वास्तुरचना उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही.

दुपारचा_चहा

अशा गुहेत गोंगाट होत नाही का? एकदा सगळा दगड आणि काच असलेल्या जागी गेलो होतो, शेजारच्या टेबलावरचा पूर्ण घरगुती वाद ऐकून आलो. शेवटी मी मनातल्या मनात सुनेची बाजू घेतली.

आडवा_छेद

गुळगुळीत आणि समांतर भिंती असल्या की होतो. खडबडीत दगड आवाज विखुरतो. हामेओसचं सभागृह तर ध्वनीसाठी नावाजलेलं आहे. साध्या जागेत लाकडी पट्ट्यांमागे आवाज शोषणारा थर असलेलं छत उपयोगी पडतं. आणि आतला आवाज शोषला की बाहेरच्या रानातही कमी जातो, हा फायदा कुणी मोजत नाही.

कातळवाट

इतके भरभरून प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येते.

मी विचारलं होतं कशावरून ओळखायचं. माझ्या मनात तेव्हा फक्त आकार आणि दृश्य होतं. आता मला वाटतं की बोआ नोव्हा आवडण्याचं कारणही दृश्य नसावं, आधी जागा वाचली आणि मग इमारत ठेवली हे असावं. आता कुठलंही असं रेस्टॉरंट बघताना पाणी, झाडं, पक्षी, धूर, वाट हे सगळं बघेन. शांतवन आणि बांबूवेडी यांच्या "काढता आलं पाहिजे" या कसोटीवर मात्र मी पूर्ण सहमत नाही. साठ वर्षं खडकांत उभी असलेली इमारत आता त्या किनाऱ्याचा भाग झालीय. टिकणं हाही आदर आहे, वारंवार पाडून बांधण्यातही जमिनीचं नुकसान होतंच.

शांतवन

टिकण्याचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण साठ वर्षं टिकेल अशा दर्जाचं बांधणारे किती? बाकीच्यांनी स्क्रू-पाइलवर (जमिनीत पिळून बसवलेल्या, पुन्हा काढता येणाऱ्या खांबांवर) उचलून ठेवलेलं बांधावं, या मतावर मी ठाम आहे.

नवी_पालवी

सगळ्यांना खूप धन्यवाद. कॉर्टेन काढून टाकलं! पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे. नेहमीच्या ड्रॉइंगशिवाय काय जोडू?

आडवा_छेद

मूळ जमिनीची तुटक रेषा असलेले निदान दोन सेक्शन. पावसाचं पाणी आधी कसं वाहायचं आणि आता कसं वाहणार, बाणांनी. प्रत्येक मोठ्या झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढ आणि त्यात खोदाई करू नकोस, मुळं निदान तेवढी पसरलेली असतात. वाहनतळापासून टेबलापर्यंत एकच वाट, तिचा उतार लिहून.

भटारखाना

आणि किचन राखाडी रंगाचा चौकोन म्हणून सोडू नकोस, बाळ. डक्टचं तोंड, वाऱ्याची दिशा, ग्रीस ट्रॅप, कचऱ्याची जागा, सगळं दाखव. परीक्षकांनी विचारलं नाही तरी तू सांग.

रानपिंगळा

एक रात्रीचा प्लॅनही जोड. फार कमी जण जोडतात. दिवे कुठे, किती उंचीवर, किती वाजता बंद. सगळे खाली तोंड केलेले, पिवळसर, पांढरा-निळसर एकही नको. समुद्राकडे उजेड अजिबात जायला नको, कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि पाण्याऐवजी जमिनीकडे वळतात.

नवी_पालवी

रात्रीच्या प्लॅनला आजच बसते. चाकावरून ताई, वाट समपातळी रेषेवरून फिरवली तर लांबी जवळजवळ दुप्पट होतेय. मध्ये थांबायला सपाट जागा किती अंतरावर ठेवू?

चाकावरून

उतार १:२० असेल तर प्रत्येक अर्धा मीटर चढानंतर, म्हणजे दर १० मीटरवर एक ठेव. दीड मीटर लांब-रुंद असली तर खुर्ची वळवता येते. शेजारी बसायला कट्टा असू दे, माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही दम लागतो.